कोपऱ्यातला प्लाऊ

मेलेला फोन एक वेळ परवडला. चार दिवस हळहळून माणूस मोकळा होतो. लॉर्नाचा फोन मात्र नऊ दिवस धड मरत नव्हता आणि धड जगतही नव्हता. बटण दाबलं की थरथरायचा, कंपनीचं निळं चिन्ह दाखवायचा, आता उठतोच असं वाटायला लावायचा आणि अडतीसच्या आकड्याला काळा पडायचा. मग आपणहून पुन्हा थरथर, पुन्हा निळं चिन्ह. अडतीस हा आकडा रॉडनी कांगसने स्वतः मोजून काढला होता. छत्तीस वर्षं त्याने काउंटीच्या रस्त्यांवर बर्फ लोटणारा ट्रक, म्हणजे प्लाऊ, चालवला होता. पांढऱ्याशिवाय काही दिसत नसलं की वळण कुठे आलं हे मोजूनच ओळखायचं असतं. ती सवय निवृत्तीनंतरही गेली नव्हती.

फोन बिघडला तर लोक दुसरा आणतात. रॉडनीनेही तेच केलं असतं. पण या फोनमध्ये हेल्मीचे ओठ होते.

तीन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोला, लॉर्नाला, पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं, डोक्यात वाक्यही तयार असायचं, पण तोंडापाशी आलं की अडायचं. महिनाभर तिने 'हो' आणि 'छे' या दोन शब्दांवर संसार चालवला. मग हँकॉकच्या दवाखान्यातल्या वाचा शिकवणाऱ्या बाईने एक युक्ती सांगितली. कुणीतरी एक वाक्य सावकाश बोलायचं, त्याच्या नुसत्या ओठांचं चित्रण करायचं आणि लॉर्नाने ते बघत-ऐकत सोबत बोलायचं. गाण्यात दुसऱ्याच्या आवाजाला धरून आपला आवाज लावतात ना, तसं. लॉर्नाची धाकटी बहीण हेल्मी लगेच लिपस्टिक लावून बसली. तिचा पुढचा एक दात टवका उडालेला, ओठ कायम लालभडक. तिने एकतीस वाक्यं बोलून ठेवली, आणि त्या ओठांना धरून लॉर्ना खरंच बोलायला लागली. सकाळी टेबलाशी फोन उभा करायचा आणि दोघी बहिणींनी एका सुरात म्हणायचं, 'गुड मॉर्निंग. झोप छान लागली. कॉफी दे.' रविवारी मुलाला फोन लावायचा आणि म्हणायचं, 'टॅनर, कसा आहेस? जेवतोस ना नीट?'

सव्विसावं वाक्य हेल्मीने आपल्या मनाने घातलं होतं. 'रॉड, चूक तुझीच होती. आता गप्प बस आणि मला कॉफी ओत.' हे प्रत्येक बायकोजवळ असायलाच हवं, असं तिचं म्हणणं. लॉर्ना झटक्यानंतर पहिल्यांदा खो खो हसली ती तेव्हा. रॉडनीला हा चावटपणा पसंत नव्हता, आणि लॉर्नानेही ते वाक्य कधी वापरलं नाही.

गेल्या नोव्हेंबरात हेल्मी वारली. आता ते ओठ फोनमध्येच काय ते उरले होते, आणि फोन अडतीसच्या पुढे जात नव्हता.

चित्रणांची दुसरी प्रत नव्हती. ती का नव्हती, याचं उत्तर रॉडनीला चांगलं ठाऊक होतं. फोन स्वतःच विचारायचा, प्रत इंटरनेटवर ठेवू का म्हणून. रॉडनीने ठणकावून 'नाही' दाबलं होतं. "आपलं सामान लोकांच्या गोठ्यात कशाला ठेवायचं?" हे त्याचं तेव्हाचं वाक्य. त्या वाक्याचा त्याला अभिमानही होता.

फोन बंद पडला त्या दिवशी त्याने आपल्या घडीच्या फोनवर स्वतःचे ओठ चित्रित करून बघितले. लॉर्नाने त्या मिशांकडे मिनिटभर पाहिलं आणि तोंड फिरवलं. शेजारच्या मिसेस लाहतींचे ओठही चालले नाहीत. लॉर्ना बिघडलेला फोनच मागायची. हातात मिळाला की निळं चिन्ह येण्याची वाट बघायची आणि डाव्या हाताचं बोट काचेच्या खालच्या कोपऱ्यावर आपटत राहायची. टक् टक् टक्. मग रॉडनीकडे बघायची, तोंड उघडायची, अडायची, आणि डोळ्यांत पाणी आणून पुन्हा टक् टक्. "अगं, आपटून चालू होतो का तो? काच फुटेल," म्हणत रॉडनीने चौथ्या दिवशी फोन कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिला. त्या दिवसापासून तिने 'हो' आणि 'छे' म्हणणंही सोडलं. कॉफी हवी असली की कप नुसता पुढे सरकवायची.

नवव्या दिवशी, शनिवारी सकाळी, रॉडनी फोन घेऊन हौटनच्या दुरुस्तीच्या दुकानात गेला. तिथल्या पोरसवदा कारागिराने निळं चिन्ह दोनदा येऊन जाताना बघितलं आणि मान हलवली.

"ही या मॉडेलची जुनी खोड आहे. आतला प्रोसेसर फुटलाय. कारखान्यातून आला तसा करून बघतो, एखाद्या वेळी उठतो. पण आतलं सगळं पुसलं जाईल."

"पुसायचं नाहीये. आतलंच तर हवंय."

"मग अवघड आहे. याच्यावर एक औषध निघालं होतं, वेगळं कर्नेल, म्हणजे फोन हाकणारा आतला प्रोग्राम, बसवायचं. पण त्याला फोनचं आतलं कुलूप आधीपासून उघडलेलं लागतं. आता उघडायला गेलं तर उघडताक्षणी सगळं पुसतो तो. आणि तुमचं बंदच आहे."

"कशावरून?"

"उघडं असतं तर सुरू होताना इशारा आला असता. काळ्या पडद्यावर मोठ्या अक्षरात, 'या फोनचा भरवसा धरू नका.' तुमच्यात येत नाहीये. कुणीतरी कधीकाळी उघडून ठेवला असता, तर वाचला असता."

 तो इशारा रॉडनीने पाहिला होता. सात वर्षांपूर्वी, याच फोनवर, स्वतःच्या स्वयंपाकघरात.

फोन मुळात टॅनरचा. नाताळात बापाने चारशे डॉलर मोजून घेऊन दिलेला. पोरगं तेव्हा इथेच कॉलेजात होतं. आठवड्याच्या आत त्याने फोनचं कुलूप उघडलं आणि आत काय काय घालायला सुरुवात केली. एकदा न्याहारीला फोन बंद होऊन सुरू झाला आणि तो इशारा रॉडनीच्या नजरेस पडला. रॉडनी तापट नव्हता, पण तत्त्वाचा होता, आणि तत्त्वाची माणसं तापतात तेव्हा जास्त वेळ तापलेली राहतात. "माझ्या पैशाने आणलेली वस्तू स्वतःच्याच तोंडाने सांगतेय की भरवसा धरू नका! कुलूप लाव. होतं तसं कर, नाहीतर वापरू नकोस." टॅनर फोन घेऊन अंगणातल्या सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत गेला, तासाभराने आला आणि म्हणाला, "झालं." इशारा गेला होता. रॉडनीने पाव खाल्ला आणि विषय संपवला.

पुढे टॅनरने कॉलेज अर्धवट सोडलं. त्यावरून एकदाच भांडण झालं, पण ते पुरलं. तो लांब स्पोकॅनला निघून गेला. जाताना फोन कंपनीच्या मूळ रूपात आणून आईला देऊन गेला. आता तो एका इस्पितळातली यंत्रं सांभाळत होता. दर रविवारी तो आईशी बोलायचा. बापलेकांत फक्त हवापाण्याची देवाणघेवाण व्हायची.

मागच्या रविवारी फोन आला तेव्हा रॉडनीने सांगितलं होतं, "झोपलीये ती. जरा सर्दी आहे." जन्मभर खरेपणाची टिमकी वाजवणाऱ्या माणसाने पोराला खोटं सांगितलं, कारण खरं सांगायचं तर फोनचा विषय काढावा लागला असता.

दुकानातून घरी येईपर्यंत त्याने अकरा मैलांत एकही वळण मोजलं नाही. पोराने उघडून ठेवला होता. आपणच बंद करायला लावला. यात दुसऱ्या कुणाला दोष द्यायला जागाच नव्हती.

स्वयंपाकघराच्या टेबलावर कालचा वेलदोडा घातलेला गोड निसू पाव तसाच झाकून होता. लॉर्ना पलीकडच्या खोलीत खिडकीशी बसली होती. रॉडनीने घडीचा फोन उघडला, स्पीकर लावला आणि टॅनरचा नंबर दाबला. इथे अकरा, म्हणजे स्पोकॅनला सकाळचे आठ वाजले होते.

"डॅड? आज शनिवार आहे. मॉम बरी आहे ना?"

"बरी आहे. सर्दी नव्हती तिला."

"म्हणजे?"

"म्हणजे मी खोटं बोललो. तिचा फोन गेलाय. नऊ दिवस झाले. उठतो आणि पडतो. हेल्मीची सगळी वाक्यं त्यात आहेत." रॉडनी थांबला. पुढचं वाक्य त्याने गाडीत तीनदा जुळवलं होतं. "दुकानातला पोरगा म्हणाला, कुलूप उघडं असतं तर वाचला असता. तू उघडलं होतंस. मी लावायला लावलं. हे तुला सांगायला फोन केला. उपयोग काही नाही, पण सांगायला हवं होतं."





"डॅड, चष्मा आहे जवळ?"

"नाकावर आहे."

"त्याने भागणार नाही. मॉमचं भरतकामाचं भिंग आण. आणि फोन चालू कर. निळं चिन्ह आलं की खालचा उजवा कोपरा बघ."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो नऊ दिवसांचा वळसा इथे संपायचा होता. फोन थरथरला. निळं चिन्ह आलं. रॉडनीने भिंग कोपऱ्यावर धरलं आणि वाकला. तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी नारिंगी होतं. पुढे तिरकं पातं, वर दिवा.

"प्लाऊ आहे," तो म्हणाला.

"नंबर दिसतो?"

"एवढं कुठलं दिसायला."

"त्रेचाळीस आहे."

त्रेचाळीस हा रॉडनीच्या ट्रकचा नंबर.

"मी कुलूप लावलं नव्हतं, डॅड. लावतानाही सगळं पुसतो तो, आणि मला माझं पुसायचं नव्हतं. मी नुसता इशारा झाकला. त्याच्यावर कंपनीचं चिन्ह डकवलं. असे फोन उघडणारे पुष्कळ लोक करतात तसं. आणि कोपऱ्यात तुझा ट्रक काढला, म्हणजे पुढेमागे कळावं की हा उघडा आहे." मग जरा हळू आवाजात, "तुला खोटं सांगितलं मी."

रॉडनीला राग यायला हवा होता. सात वर्षं जुना का असेना, राग त्याच्या हक्काचा होता. त्याने आत शोधून पाहिलं, पण सापडला नाही. सापडलं ते इतकंच की पोराने खोटं बोलताना बापाचा ट्रक काढला होता.

तेवढ्यात पाठीमागे चालायला धरायचा वॉकर खुरडत आला. टॅनरचा आवाज ऐकून लॉर्ना उठली होती. ती रॉडनीच्या खांद्यावरून वाकली, आणि तिचं डावं बोट नेमकं भिंगाखालच्या कोपऱ्यावर येऊन पडलं. टक् टक् टक्.

"ती मॉम आहे ना?" टॅनर म्हणाला. "तिला माहीत आहे. फोन देताना मी तिला प्लाऊ दाखवला होता. म्हटलं, डॅडला सांगू नकोस, पण कधी अडलंच तर हे दाखव."

रॉडनी वळून बायकोकडे बघत राहिला. पहिले चार दिवस ती दाखवतच होती. आणि त्याने फोन तिच्या हाताला येणार नाही अशा फळीवर ठेवला होता.

"सॉरी," तो म्हणाला.  लॉर्ना खुर्ची ओढून टेबलाशी बसली.

"चला, कामाला लागू," टॅनर म्हणाला. आवाजात एकदम कामकरी माणसाचा सूर आला. "चर्चची पत्रकं छापायचा मॉमचा कॉम्प्युटर चालतो ना? लाव. आणि फोनची वायर घे. नुसती चार्जिंगची नको, त्यातून माहिती जात नाही. गाडीत एक जाड काळी असेल."

जाड काळी वायर गाडीतच सापडली. टॅनरने कॉम्प्युटरवर पाठवलेली पत्रं उघडायला रॉडनीला दहा मिनिटं लागली. पहिल्या पत्रात एका पानाचा पत्ता होता. ते पान टॅनरने सहा वर्षांपूर्वी अशाच छंदी लोकांच्या अड्ड्यावर लिहिलेलं होतं. वर ठळक अक्षरात होतं: 'प्लाऊ कर्नेल, आवृत्ती चौदा.' त्याखाली: 'फोन मरून त्याची वीट झाली तर माझ्या नावाने बोंबलू नका. गाडी खड्ड्यात गेली तेव्हा चाक तुमच्या हातात होतं.'

"हे माझं वाक्य आहे," रॉडनी म्हणाला. नव्या ड्रायव्हरला पहिल्या दिवशी तो हेच ऐकवायचा.

"तुझंच आहे. तिथे सगळ्यांनाच असलं काहीतरी वर लिहावं लागतं. मला तुझंच आठवलं."

खाली निरोपांची रांग लागली होती. कुणी ब्राझीलचा, कुणी पोलंडचा, कुणी जवळच्याच विस्कॉन्सिनचा. मेलेला फोन उठला. मुलीचे फोटो मिळाले. देव तुझं भलं करो. रॉडनीने माउसचं चाक फिरवून खाली जायचा प्रयत्न केला, पण रांग संपेना.

"हे सगळे?"

"साडेतीनशे असतील. त्या वर्षी हे फोन पटापट जायला लागले होते."

"हे तू कधी केलंस?"

"सॉनाच्या खोलीत बसून. तू म्हणायचास ना, पोरगं दिवसभर तिथे बसून वेळ जाळतंय."

  "हे कर्नेल म्हणजे नक्की काय करतं?" रॉडनीने विचारलं.

"मुकादम समज. फोनच्या प्रोसेसरमध्ये सहा गडी आहेत, चार साधे, दोन दांडगे. कोणी कधी उठायचं ते कर्नेल ठरवतं. त्या दोन दांडग्यांचे जोड सुटलेत. मुकादमाने हाक मारली की ते उठायला जातात आणि सगळा डोलारा कोसळतो. माझा मुकादम त्या दोघांना हाकच मारत नाही. चौघांत भागवतो."

"ते दोघं पुन्हा कधी उठणार नाहीत?"

"नाही. फोन सावकाश चालेल. पण चालेल."

दवाखान्यातल्या त्या बाईने तीन वर्षांपूर्वी लॉर्नाच्या मेंदूचं चित्र समोर धरून जवळजवळ हेच सांगितलं होतं. गेलेला भाग परत येणार नाही, उरलेल्यातून वाट काढू. रॉडनीने बायकोकडे पाहिलं. ती एकही शब्द न चुकवता ऐकत होती, आणि तिला कुणी समजावून सांगायची गरज दिसत नव्हती.

"आता नीट ऐक," टॅनर म्हणाला. "फोनचा आवाज कमी करायचं बटण आणि चालू करायचं बटण एकदम दाबून धर. एक ओळींची यादी येईल. बटणं वरखाली करताना त्यात 'सगळं पुसा' अशी एक ओळ दिसेल. तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही."

यादी आली. तळाशी लाल अक्षरात एक शब्द होता. रॉडनीने तो वाचून दाखवला. उघडा.

"बघ. सात वर्षं उघडाच आहे. आता कॉम्प्युटरवर मी सांगतो ते अक्षर न् अक्षर लिही. लिहून झालं की दाबायच्या आधी मला वाचून दाखव."

रॉडनीची बोटं ट्रकच्या चाकासाठी घडलेली होती. एक अक्षर दाबलं की शेजारचं आपोआप दाबलं जायचं. पहिली ओळ त्याने पाच वेळा खोडली. पाचव्या वेळी वाचून दाखवली तेव्हा टॅनर म्हणाला, "थांब. तू 'फ्लॅश' लिहिलंयस. मी 'बूट' सांगितलं."

"काय फरक पडतो?"

"फ्लॅश म्हणजे कायमचं बसवणं. आधी बसवायचं नाही. आधी उसनं चालवून बघायचं. नाही जमलं तर बंद केलं की होतं तिथे परत. तू नव्या रस्त्यावर पातं एकदम खाली टाकायचास का?"

"पहिली फेरी पातं उचलून," रॉडनी म्हणाला.

"मग?"

रॉडनीने मुकाट्याने खोडलं आणि पुन्हा लिहिलं. वाचलं. पलीकडून "दाब" आलं. त्याने दाबलं.

फोन थरथरला. निळं चिन्ह आलं, कोपऱ्यात त्रेचाळीस नंबर. रॉडनी मोजायला लागला. तोंडाने नाही, पण त्याच्या मिशा हलत होत्या आणि लॉर्ना त्या मिशांकडे बघत होती. वीस. तीस. पस्तीसला त्याने टेबलाची कड धरली. सदतीस. अडतीस.

एकोणचाळीस.

"डॅड?"

"गप्प. बेचाळीस."

दोनशेच्या पुढे त्याने मोजणं सोडलं. फोन काळा पडला नाही, पण उठलाही नाही. निळं चिन्ह नुसतं लुकलुकत होतं. टॅनर म्हणाला, चौघंच गडी आहेत, त्यांना वेळ दे. लॉर्नाने पाव समोर ओढला आणि डाव्या हाताने एक वाकडी फोड कापून रॉडनीपुढे सरकवली. तो खात होता तेव्हा पडदा उजळला. हेल्मी आणि लॉर्ना तळ्याकाठी, दोघींच्या हातात मासे. खाली नऊ ठिपके.

खुणेची रेघ रॉडनीला ठाऊक नव्हती. त्याने फोन लॉर्नापुढे ठेवला. तिने बोटाने एक वळण काढलं आणि फोन उघडला.

"उघडला," रॉडनी म्हणाला.  "आहेत. एकतीसच्या एकतीस आहेत."

"नाचू नकोस अजून. सगळी आधी कॉम्प्युटरवर उतरवून घे. आणि डॅड, एक प्रत मला पाठव."

"तुझ्या गोठ्यात?"

"माझ्या गोठ्यात."

"पाठवतो," रॉडनी म्हणाला. "सगळी पाठवतो."

प्रती व्हायला पाऊण तास गेला. बापलेक एवढा वेळ कधी बोलले नव्हते, आणि आताही फार बोलले नाहीत. टॅनरने विचारलं, सॉना पेटवलास का. रॉडनी म्हणाला, अजून नाही, लाकडं बर्फाखाली आहेत. टॅनर म्हणाला, तिथल्या फळीवर माझ्या हाताने काहीबाही लिहिलेलं असेल. रॉडनी म्हणाला, आहे, मी पुसलेलं नाही. मग एकतिसावी प्रत झाली आणि ती टॅनरला पोचल्याचंही त्याने सांगितलं. तेव्हा कुठे टॅनर 'फ्लॅश' म्हणाला आणि रॉडनीने ते एका दमात, एकही अक्षर न खोडता लिहिलं.

फोन पुन्हा उठला, तितकाच सावकाश. "आता फोनच्या माहितीत जा, कर्नेलची ओळ वाच. माझंच बसलंय ना, बघू."

रॉडनीने भिंग धरून वाचलं. प्लाऊ, चौदा. त्याच्यापुढे कर्नेल बनवणाऱ्याचं आणि बनवलं त्या यंत्राचं नाव: टॅनर, सॉना.

"नाव येतं यात?"

"जो बनवतो त्याचं येतंच. ज्याच्या फोनमध्ये बसेल त्याच्या फोनमध्ये."

साडेतीनशे घरांत, रॉडनीच्या मनात आलं. ब्राझीलमध्येसुद्धा. आणि आपल्या घरात आज. "पोरा," तो म्हणाला, "तेव्हा मी तुला..." त्याचं वाक्य अडलं. डोक्यात सगळं तयार होतं, पण तोंडापाशी येऊन थांबलं होतं. हे असं होतं तर, त्याला वाटलं. तिला रोज असं होतं.

लॉर्नाने त्याच्या हातातून फोन काढून घेतला. साखरेच्या बरणीला टेकवून उभा केला. डाव्या अंगठ्याने ती यादी खाली सरकवायला लागली. यादी अडखळत सरकत होती, पण तिला घाई नव्हती. 'गुड मॉर्निंग' मागे गेलं. 'टॅनर, कसा आहेस' हेही मागे गेलं. सव्विसाव्यावर अंगठा थांबला आणि तिने दाबलं.

हेल्मीचे लाल ओठ पडदाभर आले, तो टवका उडालेला दात दिसला. चौघा गड्यांनी ते जरा थांबत थांबतच चालवलं. लॉर्नाने तोंड उघडलं. नऊ दिवसांनी दोन्ही बहिणींचा आवाज एका सुरात आला.

"रॉड. चूक. तुझीच होती. आता गप्प बस. आणि मला कॉफी ओत."

 स्पोकॅनहून हसू आलं, आणि ते हसू मध्येच ओलं झालं.

"हो," रॉडनी म्हणाला. "माझीच होती. दोघांनीही ऐकून ठेवा, पुन्हा म्हणणार नाही." मग तो गप्प बसला, आणि कॉफी ओतायला उठला.